पलीकडची ओ

हद्दूचा पाय मोडला तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. छपरावरचा शेवटचा थर लाकडी फावड्याने लोटताना कडेची फळी निसटली आणि तो फावड्यासकट मेंढवाड्याच्या दगडी कठड्यावर येऊन पडला. हाडं बसवणारा म्हातारा खेचरावर बसून आला. त्याने पाय ओढला, बसवला, लोकरीत गुंडाळून वरून काठ्या आवळल्या आणि म्हणाला, "जव कापून होईपर्यंत हा पाय जमिनीला लावायचा नाही. आणि यंदा डोंगर विसर." हद्दूने नुसती मान हलवली. पाय ओढतानासुद्धा तो ओरडला नव्हता. घोंगडीचं टोक दातात धरून पडून राहिला होता. बोलायचा आळस असलेला माणूस ओरडायचाही आळस करतो, असं बाहेर कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. डोंगर उघडायचा दिवस जवळ आला होता.

आमची वरची कुरणं वसंतभर बंद असतात. जमात दिवस ठरवते, त्या दिवशी सगळी घरं कळप घेऊन वर चढतात आणि ज्याचं त्याचं खोपटं धरतात. खोपटं म्हणजे चार दगडी भिंती आणि वर देवदाराच्या फळ्या. मोल त्या भिंतींचं नाही, भोवतालच्या गवताचं आणि पाण्याचं आहे. नियम पणजोबांपासूनचा: डोंगर उघडल्यापासून बंद होईपर्यंत घरातलं एक तरी माणूस वर राहिलं पाहिजे. चूल थंड सापडली, माणूस दिसलं नाही, की हक्क गेला. मग जो शेजारी मागेल त्याला तो मिळतो. हद्दूचं खोपटं झऱ्याच्या अगदी डोक्यावर होतं, आणि ते गेलं तर उन्हाळ्यात मेंढ्यांना खाली गावात दगड चारायचे काय? कळप मोडावा लागला असता. कळप मोडल्यावर त्या घरात नवरा-बायको आणि एक म्हातारं खेचर एवढंच उरलं असतं. मुलगी लग्न होऊन खाली सपाटीवर गेली होती आणि तिकडचीच झाली होती.

शेजारी बासू विचारपूस करायला आला. त्याचं खोपटं हद्दूच्या खालच्या अंगाला, जिथे झऱ्याचं पाणी पोचेपर्यंत चिखल होतं. चहाचा पेला हातात धरून तो म्हणाला, "हद्दू, तुझं नशीबच खोटं. पण शेजारी कशाला असतात? यंदा झऱ्यावरचं खोपटं माझा थोरला सांभाळील. पुढच्या वर्षी तुझा पाय बरा झाला की बघू."

हद्दू भिंतीकडे बघत राहिला. त्याची बायको तुदा किटली घेऊन उभी होती. पन्नाशीला टेकलेली, उंच, हाडापेराने दणकट बाई. तीच बोलली. "बघू म्हणजे काय बघू, बासूदादा? एकदा तुमच्या मेंढ्यांनी वरचं पाणी चाखलं की त्या खाली उतरायच्या नाहीत."

"मग जाणार कोण? तू?"

"मी."

"एकटी? वहिनी, कोल्हा काही बांगड्या बघून परत फिरत नाही."

"दोन पायांचा आला तर त्यालाही काठी आहे," तुदा म्हणाली आणि त्याचा पेला अर्धाच भरला. आमच्याकडे अर्धा पेला म्हणजे आता उठा.

निघायच्या दिवशी हद्दू दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. खेचरावर पिठाची पोती, ताक घुसळायचं बकऱ्याचं कातडं, मिठाचे खडे, दोन घोंगड्या लादून झाल्या. कुत्रं दोरी ओढत होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदा उन्हाळाभर एकटी चालली होती. तुदा उगीचच एक गाठ पुन्हा सोडून बांधत राहिली. शेवटी हद्दू बोलला.

"काळ्या मेंढीचा खूर बघ," तो म्हणाला. "उजवा."

वर काम कधी संपत नव्हतं. उजाडायच्या आधी धारा, मग कळप सोडायचा, दुपारी कातडं तीन काठ्यांच्या तिकाटण्याला टांगून हिंदळायचं, लोणी काढायचं, ताक गाळायचं, लेंड्या गोळा करून सरपणासाठी वाळत घालायच्या. सकाळी पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नसत. काळ्या मेंढीचा खूर सडला होता. तुदाने तिला गुडघ्यात दाबून खूर खरवडला, राख भरली, आणि मेंढीने लाथ झाडून तिच्या मांडीवर हिरवानिळा डाग उठवला. बाकीची खोपटी खालच्या पठारावर होती. तिथल्या बायका एकत्र धारा काढत, त्यांच्या हसण्याचा आवाज वाऱ्यावर वर येई. वर मात्र तुदा मेंढ्यांशीच बोलायची. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, खाली घरीही ती मेंढ्यांशीच जास्त बोलते.

गाणं तिला तिच्या आत्याने शिकवलं होतं, लोकर पिंजता पिंजता. आत्या म्हणायची, "गाणं कुठल्या जातीचं ते ओळी मोजून कळत नाही गं. ते कुणापुढे म्हणायचं, त्यावरून कळतं. इझली दोन ओळींची. लग्नात बाया-पुरुष खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात, डफ वाजतो, एकजण दोन ओळी टाकतो आणि सगळे उचलतात. एकदा रांगेत पडली की धनी कोण, विचारायचं नाही. दुसरं शाहिराचं लांब गाणं. तो सारंगी घेऊन बाजार फिरतो, दुष्काळ, भांडणं, मोठ्या लोकांच्या लबाड्या सगळं सांगतो आणि शेवटी आपलं नाव गुंफतो, म्हणजे शिधा कुणाला द्यायचा ते कळावं. आणि तिसरी तमावायत. ती एकट्याची. दरीकडे तोंड करून, पोटातून काढायची. पलीकडे कुणी असलंच तर तो त्याच चालीत, तिच्याच शेवटच्या शब्दाशी जुळवून ओ देतो."

तुदा धार काढताना ओळी जुळवायची. डावा हात, उजवा हात, भांड्यात पडणाऱ्या धारेवर ओळ बसते का बघायची. लांब झाली तर एक शब्द काढायचा, लंगडली तर एक घालायचा. लग्नाआधी ती रांगेत पहिली ओळ टाकणारी मुलगी होती. लग्नानंतर हद्दूला ऐकवली तेव्हा तो म्हणाला होता, "हं." पुढे तिने ऐकवणं सोडलं होतं.

एका संध्याकाळी मेंढ्या आत घालून ती कड्यावर जाऊन उभी राहिली. खाली दरी, आणि पलीकडचा डोंगर दुसऱ्या जमातीचा. तिने कानावर हात ठेवला आणि आवाज सोडला:

"उंच खोपटं, झऱ्याचं पाणी, मेंढ्या साऱ्या माझ्या गं,
नाव घेऊन हाक मारील असं कुणी नाही गं."

आवाज दरीत उतरला आणि विरला. ती वळणार तेवढ्यात पलीकडून ओ आली. घोगरा, न तरणा न म्हातारा आवाज. अक्षर न् अक्षर कळत होतं.

"मीही बसलो दरीकाठी, कुत्रं माझं मुकं गं,
हाक ऐकून कान त्याने टवकारले, मी नाही का गं?"

तुदा हसली. एकटीच असताना माणूस कधी मोठ्याने हसत नाही, ती हसली. दुसऱ्या दिवशी ताक हिंदळताना तिचा हात भरभर चालला.

मग रोजचंच झालं. संध्याकाळी एक हाक, एक ओ, फार तर दोन. तो कोण, कुणाचा, घरी कोण, हे तिने गाण्यात विचारलं नाही आणि त्यानेही नाही. त्या ओळींत काही वावगं नव्हतं. कधी कोल्ह्याबद्दल, कधी उशिरा उगवलेल्या चंद्राबद्दल, तर एकदा नुसतं दुखणाऱ्या दाढेबद्दल. पण दिवसभर कुणीतरी ऐकणार आहे हे ठाऊक असलं की डोक्यात ओळी येतात, आणि ओळी येत असल्या की हात दुखत नाहीत. तुदाला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याचं तिला थोडं वाईटही वाटायचं.

उन्हाळा अर्धा सरला आणि गारा आल्या. दुपारचं आभाळ एकाएकी काळं झालं, वारा थांबला, मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालायला लागल्या. तुदाने दोन कोकरं काखेत मारली आणि कळप हाकत कपारीकडे पळाली. अक्रोडाएवढ्या गारा पाठीत बसत होत्या. रात्र तिने कपारीत काढली, ओल्या लोकरीच्या वासात, मेंढ्यांना टेकून. सकाळी येऊन बघते तर खोपटाच्या दोन फळ्या फुटलेल्या, चुलीत पाणी, काडेपेटीचा लगदा झालेला आणि लेंड्यांच्या ढिगाचा चिखल.

खाली बासूच्या खोपटातून धूर निघत होता. जाऊन विस्तव मागता आला असता. पण विस्तव मागायचा म्हणजे आपली चूल विझली हे आपल्याच तोंडाने सांगायचं, आणि तेही बासूला. तुदा गेली नाही. पीठ दुधात कालवून कच्चंच प्याली, ओली घोंगडी अंगावर वाळवली आणि ऊन पडेल त्याची वाट बघत राहिली. दिवसा कळप लांब न्यावा लागे, कारण जवळचं गवत गारांनी झोपलं होतं. आता सगळे म्हणतात, तेव्हाच विस्तव मागितला असता तर बासूच साक्षीदार झाला असता की बाई डोंगरावर आहे. खरं आहे. पण असं शहाणपण सुचायला चूल पेटती असावी लागते.

वरून धूर निघत नाही हे पाहून, ऊन पडायच्या आत बासू डोंगराच्या राखणदाराला घेऊन आला. तुदा कळपामागे होती. त्यांनी खोपटात डोकावलं, हाक मारली, आणि राखणदाराने चुलीतल्या राखेत हात घालून बघितला. संध्याकाळी तुदा परतली तेव्हा दाराशी चिखलात बुटांचे ठसे होते आणि राखेत पाच बोटांच्या रेघा. तिला सगळं कळलं. ती तशीच कड्यावर गेली. त्या संध्याकाळी तिने जे म्हटलं ते हद्दूबद्दल होतं, आणि हद्दूने ते जन्मात ऐकू नये असं होतं. पलीकडून ओ आली. त्या ओ-वर ती रडली, आणि मग तिला झोप लागली.

कळप खाली उतरल्यावर बासूने जमातीपुढे दावा घातला. राखणदार सरळ माणूस होता. त्याने पाहिलं तेवढंच सांगितलं. राख थंड होती, खोपटं रिकामं होतं. जमातीचा म्हातारा, मोहा, म्हणाला, "हद्दू, बाई त्या दिवसांत वर होती हे सांगणारं कुणी असेल तर आण. नाहीतर खोपटं बासूचं."

त्या संध्याकाळी तुदा भाकरीचं पीठ मळत होती. हद्दू काठी मांडीवर आडवी धरून बसला होता. पाय जुळला होता, पण वाकडा.

"कुणी पाहिलं तुला?" हद्दूने विचारलं.

"कुणी नाही."

"खालच्या खोपट्यांतलं?"

"गारांनंतर प्रत्येकजण आपापलं छप्पर बघत होता. वर कोण येतंय?"

तुदा मळत राहिली. पीठ केव्हाच मळून झालं होतं.

"ऐकलं मात्र एकाने," ती म्हणाली.

हद्दूने मान वर केली.

"दरीपलीकडे कुणी मेंढपाळ होता. संध्याकाळी मी तमावायत म्हणायची. तो ओ द्यायचा. त्या दिवसांतही दिली."

"कोण?"

"मला काय ठाऊक? तोंड कुठे पाहिलंय?"

चुलीत काटक्या तडकत होत्या. हद्दू बराच वेळ काठीची साल नखाने सोलत राहिला. मग तो एवढं लांब बोलला की तुदा बघतच राहिली. "तो पुढे आला तर त्याला काय ऐकलं ते सांगावं लागेल. सगळ्यांपुढे. आणि एकदा तोंड पाहिलं की पुन्हा ओ देता येत नाही. ओळखीच्या माणसाच्या बायकोला ओ देणाऱ्याला लोक लुच्चा म्हणतात. तुझं ते गाणं संपलं, हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग मेंढ्या काय खातील?" तुदा म्हणाली. "ओ खातील?"

तिने भाकरी थापली. तिला वाटलं, आता तो विचारील, काय म्हणायचीस तू गाण्यात? त्याने विचारलं असतं तर तिने तिथेच, चुलीपुढे सांगितलं असतं, आणि चारचौघांत ऐकायची वेळ त्याच्यावर आली नसती. हद्दू म्हणाला, "निरोप धाड."

पलीकडच्या बाजारात निरोप गेला: झऱ्यासमोरच्या कड्यावर यंदा ज्याने मेंढ्या चारल्या आणि संध्याकाळी ओ दिली, त्याने साक्षीला यावं. तो आला. इश्शू नाव त्याचं. कृश, एक खांदा खाली गेलेला, ठिगळं लावलेला झगा, दाढी पिकलेली. बायको वारून बरीच वर्षं झालेली, असं कुणीतरी सांगितलं. मशिदीपुढच्या अक्रोडाखाली पुरुष बसले होते. बाया नेहमीप्रमाणे सभोवतालच्या छपरांवर. तुदाही तिथेच होती, घोंगडी कपाळापर्यंत ओढून. इश्शूने एकदाही छपराकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही म्हणून त्याने मान इतकी खाली घातली होती की मोहाला त्याची पगडीच दिसत होती.

"तू ऐकलंस?" मोहाने विचारलं.

"ऐकलं."

"कुणाला?"

"आवाजाला. बाई कोण ते मला ठाऊक नाही."

"वा रे साक्ष!" बासू म्हणाला. "आवाज तर माझ्या गाढवालाही आहे. त्यालाही खोपटं द्या."

माणसं हसली. मोहाने हात वर केला. "गारांनंतरच्या दिवसांत ती काय म्हणाली ते सांग."

इश्शूने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "काका, रांगेतली इझली विचारा, दिवस मावळेपर्यंत सांगतो. ती सगळ्यांची. ही तमावायत आहे. ती माझी नाही, जिची आहे तिची. तिने सांग म्हटलं तर सांगेन. नाहीतर आलो तसा जातो."

जमातीला हे पटलं. सगळ्यांच्या माना छपराकडे वळल्या. खाली हद्दू काठीने मातीत रेघ ओढत होता. तुदा उभी राहिली, घोंगडी मागे केली आणि म्हणाली, "सांग."

तो एकच शब्द, पण आवाज तोच. इश्शूने डोळे वर केले. क्षणभर दोघांनी एकमेकांना पाहिलं. त्याला दिसली एक उन्हाने करपलेली थोराड बाई, आणि तिला दिसला एक थकलेला म्हातारा होऊ घातलेला माणूस. त्याने नजर खाली घातली. जे संपायचं होतं ते तिथे संपलं, आणि ते त्या दोघांनाच कळलं.

आधी त्याने गारांबद्दलची तमावायत सांगितली, चाल न लावता, नुसती बोलून:

"गारा पडल्या, चूल भिजली, विस्तव कुठून आणू रे,
ओलं लाकूड धुमसत राहतं, तशीच मी, किती ताणू रे."

"गारा सगळ्या डोंगरावर पडल्या," बासू म्हणाला. "घरी बसूनही कुणी रचील."

"पुढची?" मोहाने विचारलं.

इश्शूने पुन्हा छपराकडे पाहिलं नाही, पण थांबला. कोणती पुढची, ते तुदाला ठाऊक होतं. तिने हद्दूकडे पाहिलं. वाकडा पाय पुढे पसरून बसलेला तो माणूस अचानक तिला लहान वाटला. नको म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. मग तिला झरा आठवला, काळी मेंढी आठवली. "सांग," ती दुसऱ्यांदा म्हणाली.

"परक्याने येऊन राखेत माझ्या बोटं घालून पाहिली,
घरच्याने कधी विचारलं नाही, ऊब किती राहिली."

राखणदार उभा राहिला. "गारांनंतर मीच राखेत हात घातला होता," तो म्हणाला. "राख थंड होती एवढंच मी सांगितलं, बोटं घातली हे कुणाला बोललो नाही. राखेतल्या रेघा तिथे येऊन पाहिल्याशिवाय तिला हे गाता आलं नसतं."

"आणि तू ओ काय दिलीस?" मोहाने विचारलं, आणि मग हात आडवा केला. "तू नको. ती सांगेल."

तुदाने छपरावरून सांगितलं. तीही चाल न लावता:

"दरीच्या या काठावरून चूल तुझी मी पाहिली,
थोडी ऊब इकडे आली, बाकी तिथे राहिली."

इश्शूचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. त्याने मान डोलावली. मोहाने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाई डोंगरावर होती. खोपटं हद्दूचं."

बासू हरला तरी त्याची जीभ शाबूत होती. उठता उठता तो म्हणाला, "मुबारक, हद्दू. खोपटं राहिलं आणि घरची ऊबही गावाला कळली. शाहीर येऊ दे आता, लांब गाणं करून बाजारोबाजार ऐकवील." कुणीतरी फिदीफिदी हसलं. हद्दू काठी टेकत उठला. "बाई डोंगरावर होती ना?" तो म्हणाला. "मग झालं." आणि घराकडे चालू लागला. पाय ओढत, मागे न बघता.

रात्री दोघं एका थाळीत जेवायला बसली. तुदाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तरी तिने ऐकून घेतलं असतं. त्याने घास घेतला, चावला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय." एवढ्या वर्षांत जेवणाबद्दल तो पहिल्यांदाच काही बोलला होता. तुदा घास हातात धरून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तो प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होतं. कपाळाला घाम आला होता बिचाऱ्याच्या. पण पुढे काही आलं नाही, आणि थाळी रिकामी झाली.

थंडीआधी गावात लग्न निघालं. रांग उभी राहिली, डफ तापवले गेले. तुदा बायांच्या मध्ये, दोन्ही खांद्यांना खांदे लागलेले. तीन-चार इझल्या झाल्या आणि मग एका तरण्या पोरीने, कुठलीही खोट मनात न ठेवता, गोड गळ्यात ओळ टाकली: "परक्याने येऊन राखेत माझ्या बोटं घालून पाहिली." सगळ्या रांगेने उचलली. पुरुषांनी, बायांनी, राखणदाराने, बासूच्या सुनेनेसुद्धा. पोरीला ती आवडली होती म्हणून तिने म्हटली, एवढंच. आता ती सगळ्यांची होती. रांगेत उभं राहून ओळ उचलली नाही तर रांग तुटते, म्हणून तुदानेही म्हटली. गुडघे वाकवत, खांदे डोलवत, सगळ्यांच्या तोंडून आपलीच ओळ तिच्या कानावर पडत होती, आणि त्या गर्दीत तिला कधी नव्हे इतकं एकटं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगर उघडला तेव्हा तुदाच वर गेली. हद्दूचा पाय चढाला टिकत नव्हता. निरोप देताना तो म्हणाला, "सांभाळून," आणि ते ऐकून ती दोन वळणं चढेपर्यंत मागे बघत होती. झरा भरून वाहत होता. कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. खालच्या पठारावरच्या बाया भेटल्या की आधी तिला सलाम करीत. राखणदार येऊन बाहेरूनच हाक मारी आणि उंबऱ्याच्या आत पाय घालत नसे. गावात तिला मान आला होता.

पहिल्या संध्याकाळी ती कड्यावर गेली. पलीकडे, गेल्या वर्षीच्याच जागी, धूर दिसत होता. तिने कानावर हात ठेवला आणि हिवाळाभर जुळवून ठेवलेल्या दोन ओळी दरीत सोडल्या. आवाज चांगला लागला होता. पलीकडच्या उतारावर एक माणूस उठून उभा राहिला. एक खांदा खाली गेलेला. त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग खाली बसला.

तुदा थांबून राहिली. वारा होता, घंटांचा आवाज होता. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा म्हटलं, तिसऱ्या दिवशीही. तो रोज उठून उभा राहायचा, छातीवर हात ठेवायचा आणि बसायचा. तो तिचा मान राखत होता. त्याच्या जागी तिने स्वतःही हेच केलं असतं, म्हणून तिला रागावताही येत नव्हतं. पण हा मान तिला नको होता. एखादा लुच्चा असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते दाबलं नाही.

इझलीला रांग लागते, शाहिराच्या गाण्याला बाजार लागतो, तमावायतीला पलीकडची ओ लागते. ज्या गाण्याला यातलं काहीच मिळत नाही त्याला आमच्या भाषेत शब्द नाही. तुदा संध्याकाळी मेंढ्या आत घालते आणि कड्यावर जाऊन ते म्हणते.